गाड्या नाहीत तिथे दुकानही नसतं : स्पेनच्या ओस रस्त्यांवर रोड सायकल

प्रश्न थोडक्यात असा आहे : रोड सायकल आहे, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात आठ-दहा दिवस मोकळे आहेत, स्पेनमध्ये डांबरी रस्त्यांवरच चालवायचं आहे, पण गाड्यांची वर्दळ नको आणि पर्यटकांची झुंबडही नको. कुठे जावं, रस्ते कसे निवडावेत, तयारी काय ठेवावी?

मायोर्का बेट आणि जिरोना शहर ही सायकलवाल्यांची नेहमीची ठिकाणं. रस्ते गुळगुळीत, गावोगावी सायकलची दुकानं, कॅफेत सायकली टांगायला दांडे. पण तिथे शांतता शोधायला जाणं म्हणजे रविवारी सिंहगडावर एकांत शोधण्यासारखं आहे. शांत डांबर हवं असेल तर समुद्र सोडून आत जा : तेरुएल आणि सोरिया हे प्रांत, ग्वादालाहारा प्रांताचा पूर्व भाग आणि क्वेंकाचे डोंगर. तेरुएल आणि सोरियात चौरस किलोमीटरला दहा माणसंही राहत नाहीत. गेल्या साठ-सत्तर वर्षांत तिथली गावं माद्रिद, बार्सिलोना, सारागोसा, बालेन्सियाकडे निघून गेली. स्पॅनिश लोक या पट्ट्याला ‘रिकामा केलेला स्पेन’ म्हणतात. गावं ओस पडली, पण त्यांना जोडणारे डांबरी रस्ते जागेवर राहिले. सायकलवाल्याला मिळते ती शांतता यातूनच आलेली आहे, आणि तिची किंमतही यातूनच येते. तिच्याकडे पुढे येऊच.

आधी रस्ता ओळखायला शिका, कारण ओसाड प्रांतातही चुकीचा रस्ता निवडला तर दिवसभर ट्रक कानाजवळून जातात. स्पेनमध्ये रस्त्याच्या क्रमांकाच्या पाटीचा रंग बरंच काही सांगतो. निळी पाटी द्रुतगती मार्गाची, लाल पाटी राष्ट्रीय रस्त्याची (क्रमांक ‘एन’ने सुरू होतो), नारिंगी म्हणजे स्वायत्त प्रदेशाचा पहिल्या दर्जाचा रस्ता, हिरवी दुसऱ्या दर्जाचा आणि पिवळी स्थानिक रस्त्याची. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरही हेच रंग दिसतात. आपल्याला पिवळा हवा, नाहीतर हिरवा. एक गोंधळ मात्र आधीच निस्तरून घ्या. ‘ए’ अक्षर द्रुतगती मार्गालाही लागतं आणि आरागोन (तेरुएल याच प्रदेशात येतं) व आंदालुसियातल्या प्रादेशिक रस्त्यांनाही लागतं. ए-२३ हा चौपदरी द्रुतगती मार्ग आहे, तर ए-१५१२ हा अल्बारासिनला जाणारा साधा दुपदरी रस्ता. अक्षर सारखं दिसलं की आकडे मोजा : ‘ए’पुढे तीन किंवा चार आकडे असतील तर बहुधा तो साधा रस्ता.

रंगाहून खरा निकष म्हणजे दिवसाला सरासरी किती वाहनं जातात. स्पेनमध्ये हा आकडा ‘आयएमडी’ म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय रस्त्यांचा केंद्राचं वाहतूक मंत्रालय आणि इतर रस्त्यांचा प्रादेशिक सरकारं प्रसिद्ध करतात. तो वाचायचा कसा हे एकदा हिशेब करून पाहिलं की कळतं. समजा आकडा ५०० आहे. त्यातली नव्वद टक्के वाहनं दिवसाच्या चौदा तासांत धावतात असं धरलं तर तासाला ३२, म्हणजे तुमच्या दिशेने १६. तुम्ही २० च्या वेगाने आणि गाड्या ८० च्या वेगाने चालत असतील तर तासाला साधारण १२ गाड्या तुम्हाला ओलांडतील. पाच मिनिटांत एक. त्याच हिशेबाने २०० आकड्याच्या रस्त्यावर तासाला पाचेक गाड्या, आणि २,००० च्या रस्त्यावर जवळपास पन्नास, म्हणजे सव्वा मिनिटाला एक. ५०० पर्यंत शांत, हजारापर्यंत सुखाचा आणि दोन हजारांच्या वर रुंद कडपट्टी नसेल तर नको, असं धरून चाला. आकडा मिळाला नाही तर रस्त्याच्या फोटोंत मधली पांढरी रेघ आहे का ते पाहा. पाच मीटर रुंद, रेघ नाही, कडपट्टी नाही असा रस्ता नकाशावर घाबरवतो, पण तिथे रेघ मारायची गरजच कुणाला पडलेली नसते.

याला एक सुखद अपवाद आहे. जिथे जुन्या राष्ट्रीय रस्त्याला समांतर द्रुतगती मार्ग झाला, तिथे जुना रस्ता अचानक रिकामा झाला. तेरुएलपासून उत्तरेला दारोकाकडे जाणारा एन-२३४ तसाच आहे : गाड्या ए-२३ वर गेल्या आणि रुंद कडपट्टीचा जुना रस्ता ट्रॅक्टर आणि सायकलवाल्यांसाठी उरला. देखणा नाही, वाऱ्यात रटाळ वाटतो, पण दिवसाच्या शेवटी तीस-चाळीस किलोमीटर पटकन कापायला असा रस्ता हाताशी असावा. उलट, समांतर द्रुतगती मार्ग नसलेले राष्ट्रीय रस्ते टाळा. तेरुएल ते क्वेंका एन-४२० आणि मोलिना दे आरागोनवरून जाणारा एन-२११ हे दोन्ही त्यात मोडतात. ट्रकवाल्यांना तिथे दुसरा पर्यायच नाही. चौदा वर्षांवरील सायकलस्वाराला काही द्रुतगती मार्गांच्या कडपट्टीवरून जायला कायद्याची परवानगी आहे, हे खरं. परवानगी आहे म्हणून जायचंच असं नाही.

मार्ग आखणाऱ्या अ‍ॅपवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ‘रोड सायकल’ हा पर्याय निवडूनही ती शेतातल्या मातीच्या वाटांवर नेतात, कारण स्पेनमध्ये जमीन एकत्रीकरणानंतर आखलेल्या सरळसोट शेतवाटांचं जाळं दाट आहे आणि नकाशात त्या रस्त्यासारख्या दिसतात. कोरड्या दिवसांत २८ मिमीच्या टायरवर त्या निभावून जातात. पाऊस पडला की लाल चिकणमाती टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी बसते की चाक फिरत नाही. मग काडीने माती खरवडत सायकल खांद्यावर घ्यायची. म्हणून आखलेला मार्ग स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेच्या १:५०,००० किंवा १:२५,००० नकाशावर एकदा तपासा. हे नकाशे फुकट उतरवून घेता येतात. कागदी नकाशा हवा असेल तर मिशलँ कंपनीचा १:४,००,००० चालतो : त्यात चढाची तीव्रता बाणांनी दाखवलेली असते आणि देखण्या रस्त्याला हिरवी कड असते. नकाशे फोनमध्ये आधीच साठवून ठेवा, कारण दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं.

आता प्रत्यक्ष जागा. पहिल्यांदा जाणाऱ्याने तेरुएल शहर तळ म्हणून घ्यावं आणि पश्चिमेला अल्बारासिनच्या डोंगरांत शिरावं. तेरुएल सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, अल्बारासिन पावणेबाराशेच्या आसपास. ए-१५१२ ने अंतर ३८ किमी, चढ सौम्य. या सगळ्या भागात सर्वांत जास्त गाड्या याच तुकड्यावर भेटतात, कारण अल्बारासिन हे तटबंदीचं, गुलाबी मातीच्या घरांचं गाव शनिवार-रविवारी माणसांनी फुलून जातं. तो तुकडा एकतर कामाच्या दिवशी करा, नाहीतर दक्षिणेकडून कांपिय्यो आणि बेसासवरून जा. त्या बाजूने चढ जास्त आहे, पण शेवटचा भाग ‘रोदेनो’ म्हणतात त्या लाल वालुकाश्मातल्या पाइनच्या जंगलातून जातो. तिथल्या कपारींमधली प्रागैतिहासिक चित्रं १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

अल्बारासिनहून करण्यासारखी सर्वांत चांगली फेरी नैर्ऋत्येला वळते : रोयुएला, कालोमार्दे, फ्रियास दे अल्बारासिन, मग विय्यार देल कोबो, ग्रिएगोस, ग्वादालाविआर आणि त्रामाकास्तिय्यावरून नदीच्या कडेने परत. एकूण ७५ ते ९० किमी. ग्रिएगोस-ग्वादालाविआरची वळणं कशी घेता यावर आकडा ठरतो. कालोमार्देच्या आधी रस्ता एका अरुंद घळीतून जातो आणि गावाजवळ धबधबा आहे. फ्रियासपासून वर आलात की झाडं विरळ होतात, वारा वाढतो आणि उंची १,५०० मीटरच्या पुढे जाते. ग्रिएगोस १,६०० मीटरवर वसलेलं गाव आहे. हिवाळ्यात इथे नुसती हजेरी लावणंही कठीण. पायांत बळ उरलं असेल तर फ्रियासहून पश्चिमेला ताखो नदीच्या उगमापर्यंत जाऊन या, वीसेक किलोमीटर वाढतील. लिस्बनजवळ अटलांटिकला मिळणारी १,००७ किमीची ही नदी इथे एका कुरणात उगम पावते. शेजारच्या खोऱ्यातली ग्वादालाविआर मात्र तेरुएलपाशी तुरिया होते आणि बालेन्सियाला भूमध्य समुद्रात जाते. दोन समुद्रांचं पाणी वाटून देणाऱ्या या माथ्यावर तासभर सायकल चालवताना चार गाड्या दिसल्या तर खूप.

ग्वादालाविआर गावात मेंढपाळांच्या ऋतुस्थलांतराचं संग्रहालय आहे. इथले मेंढपाळ थंडीत कळप घेऊन दक्षिणेला सिएरा मोरेनाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोकणात उतरणाऱ्या धनगरांचे कळप पाहिलेल्या माणसाला हे चक्र समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या मेंढवाटा सुमारे ७५ मीटर रुंद असतात, आणि कायद्याने त्या आजही मेंढरांच्याच आहेत.

दोन-तीन दिवस जास्त असतील तर त्रामाकास्तिय्याहून नोगेरामार्गे खिंड चढा, ओरिवेला देल त्रेमेदालला उतरा आणि तिथून ग्वादालाहारा प्रांतात ओरेआ आणि चेकाला जा. चेकाजवळचं चेकिय्या हे इवलंसं गाव लाल खडकांच्या भुलभुलैयात वसलं आहे. थांबून पायी फिरण्याइतकं चांगलं. पुढे मेखिना, तेरसागामार्गे मोलिना दे आरागोन : किल्ला, हॉटेलं, दुकानं, औषधालय, सगळं असलेलं शेवटचं गाव. थंडीचा अंदाज यावा म्हणून सांगतो, मोलिना, कालामोचा आणि तेरुएल या तिघांना स्पेनमध्ये ‘थंडीचा त्रिकोण’ म्हणतात. कालामोचात डिसेंबर १९६३ मध्ये उणे ३० अंश नोंदले गेले. ऑक्टोबरमध्ये तसं काही होत नाही, पण पहाटे गवतावर दहिवर गोठलेलं दिसलं तर नवल वाटू देऊ नका.

तेरुएलच्या पूर्वेचा माएस्त्रास्गो हा डोंगराळ भाग वेगळाच मामला आहे, जास्त चढउतारांचा. ए-२२६ ने तेरुएल ते कांताविएखा हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. वाटेत काबिगोर्दो, विय्यारोया आणि क्वार्तो पेलादो अशा तीन खिंडी, तिन्ही १,६०० मीटरच्या घरातल्या. चढ क्वचितच आठ टक्क्यांच्या वर जातो, पण संपत नाही. एका दिवसात करायचा असेल तर पहाटेची थंडी आणि दुपारचं वारं दोन्ही हिशेबात धरा. दोन दिवसांत विभागणं शहाणपणाचं. कांताविएखाहून मिराम्बेल आणि ला इग्लेसुएला देल सिद ही दगडी गावं जवळ आहेत.

याच भागातल्या ए-१७०२ रस्त्याची एक गंमत आहे. गार्गाय्योजवळून कांताविएखापर्यंतच्या या ६३ किमीच्या रस्त्याला तिथल्या लोकांनी पर्यटनासाठी ‘सायलेंट रूट’ असं नाव दिलं. नाव गाजलं आणि शांतता ऐकायला मोटरसायकलींचे तांडे येऊ लागले. मोंतोरोचे ‘ऑर्गन’, म्हणजे वाद्याच्या नळ्यांसारखे उभे चुनखडीचे सुळके, हे त्या रस्त्याचं खरं वैभव. रस्ता टाळू नका. फक्त मंगळवार ते गुरुवारातला एखादा दिवस त्याला द्या. कामाच्या दिवशी तो नावाला जागतो.

वार आणि वेळ निवडणं हे रस्ता निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. दुपारी दोन ते साडेचार हा स्पेनच्या खेड्यातला सर्वांत शांत काळ, कारण सगळे जेवायला बसलेले असतात. दुचाकींचा त्रास शनिवारी-रविवारी सकाळी अकरा ते दोन. ऑगस्ट महिना सोडून द्या : शहरात गेलेली कुटुंबं गावी परततात, प्रत्येक गावात उत्सव, खोली मिळत नाही. १२ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबरच्या सुट्ट्यांना जोडून लोक लांब शनिवार-रविवार घेतात; त्या तारखांची राहण्याची सोय आधी करून ठेवा.

आपल्याकडच्या सायकलवाल्याची पहाटे पाचला निघायची सवय तिथे उपयोगाची नाही. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे आहे. सप्टेंबरच्या शेवटी तेरुएलला सूर्य आठच्या सुमाराला उगवतो, २० ऑक्टोबरला सव्वाआठनंतर. अंधारात निघालात तर थंडी, हरणं आणि रानडुकरं तिन्ही रस्त्यावर भेटतील, आणि एकही कॅफे उघडा नसेल. नऊला निघा, सहापर्यंत मुक्कामी पोचा. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत या डोंगरांत नर हरणं माजावर येतात. संध्याकाळी जंगलातून घुमणारी त्यांची डरकाळी ऐकू आली तर घाबरायचं कारण नाही, पण उतारावर वेग आवरा. मे ते सप्टेंबर दुपारनंतर गडगडाटी पाऊस आणि गारा येतात. माथ्यावरून उतरण्याचं काम शक्यतो दुपारी तीनच्या आत संपवावं.

आता त्या किमतीकडे. दोन गावांतलं अंतर सहसा दहा ते वीस किलोमीटर, काही ठिकाणी तीस-चाळीस. पण नकाशावर गाव असणं म्हणजे गावात काही मिळणं नव्हे. नोंदीत शंभर माणसं असलेल्या गावात ऑक्टोबरच्या मंगळवारी पंधरा माणसं असू शकतात. दुकान असलंच तर दुपारी दोन ते पाच बंद, शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बंद. गावातला एकमेव बार बहुतेकदा सोमवारी नाहीतर मंगळवारी सुट्टी घेतो. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी जुळल्या की साठ किलोमीटर उपाशी जावं लागतं. म्हणून शनिवारी दुपारी दीडच्या आत दोन दिवसांचा शिधा घ्या : पाव, चीज, बदाम, केळी, सुकं अंजीर. तेरुएलच्या छोट्या गावांमध्ये ‘मुल्तिसेर्बिसिओ रुराल’ अशी पाटी दिसली तर थांबा. एकाच छपराखाली दुकान, बार आणि कधी दोन-चार खोल्या अशी ही ग्रामपंचायतीच्या आधाराने चालणारी सोय असते. सकाळी भोंगा वाजवत येणारी पावाची गाडी हाही खरेदीचाच एक मार्ग आहे. गावकऱ्यांच्या रांगेत उभं राहा.

जेवणाची वेळ दोन ते साडेतीन. साडेचारला पोचलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि ते नऊपर्यंत उघडत नाही. मधल्या वेळेत बारमध्ये बटाट्याचं आमलेट, म्हणजे तोर्तिय्या, किंवा पावात भरलेला बोकादिय्यो मिळतो. शाकाहारी माणसाने इथे फार सावध असावं. ‘मांस नको’ म्हटल्यावर सॅलडवर ट्यूना मासा येतो, मसुराच्या आमटीत डुकराच्या सॉसेजचे तुकडे निघतात आणि परतलेल्या फरसबीत हॅम. तिथल्या बोलीत ‘मांस’ या शब्दात मासा आणि हॅम धरलेच जातील असं नाही. म्हणून ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन अतून, सिन चोरिसो’ (मांस, हॅम, ट्यूना, सॉसेज नको) असं एकेक नाव घेऊन सांगा. क्वेंका आणि ला मांचाच्या बाजूला जेवणाच्या यादीत ‘गास्पाचोस’ दिसलं तर ते थंड टोमॅटो सूप समजू नका. तिथे त्या नावाने ससा, तितर अशा शिकारीच्या मांसात भिजवलेल्या रोट्या येतात. अंडं चालत असेल तर प्रवास सोपा होतो. अंडंही चालत नसेल तर रात्रीची सोय स्वयंपाकघर असलेल्या ग्रामीण घरात करा आणि डाळ-तांदूळ सोबत न्या. शनिवार-रविवारी ही घरं दोन रात्रींच्या खाली मिळणं कठीण.

पाण्याची बाजू बरी आहे. जवळजवळ प्रत्येक गावाच्या चौकात किंवा वेशीवर कारंजं असतं. ‘आग्वा पोताब्ले’ म्हणजे पिण्याजोगं, ‘नो पोताब्ले’ म्हणजे नाही. ‘सिन गारांतिया सानितारिया’ किंवा ‘नो त्रातादा’ म्हणजे प्रक्रिया न केलेलं; गावकरी ते पितात, पण तिथे कळप चरत असतील तर बाटली भरण्याआधी क्लोरीनची गोळी टाका. कडक उन्हाळ्याच्या शेवटी काही झरे आटतात आणि थंडीत गोठू नयेत म्हणून काही नळ बंद करतात. २५ अंशांत तासाला अर्धा ते पाऊण लिटर हा हिशेब धरून दोन लिटर वाहून न्यायची सोय ठेवा : दोन बाटल्या फ्रेमवर, एक पिशवीत.

सायकल कशी असावी? पिवळ्या रस्त्यांची दुरुस्ती बहुतेक वेळा डांबर फवारून वर खडी पसरून करतात. नवीन असताना ती खडी वळणावर सुटी पडलेली असते. जुनी झाली की खरखरीत पृष्ठभाग तासाला एक-दोन किलोमीटर वेग खातो. २५ मिमीचे टायर दिवसभरात हात बधिर करतात. २८ किमान, ३२ उत्तम. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो असेल तर ३२ मिमी ट्यूबलेसमध्ये (आत ट्यूबऐवजी भोक बुजवणारा द्रव, म्हणजे सीलंट, असलेले टायर) हवेचा दाब मागे ६० आणि पुढे ५५ पीएसआयपासून सुरुवात करा. गिअर पुढे ३४ आणि मागे ३४ दातांपर्यंत हवेत : खिंडींचे चढ चार ते सात टक्क्यांचे असतात, पण गावं टेकडीवर वसलेली आणि शेवटचा अर्धा किलोमीटर बारा टक्क्यांचा निघतो.

पंक्चरचं मुख्य कारण काच नव्हे, काटा. स्पॅनिश ‘आब्रोखो’ म्हणजे आपला सराटा, गोखरू, वनस्पतीसुद्धा तीच. उन्हाळ्याच्या शेवटी रस्त्याच्या कडेच्या मातीत ते पसरलेले असतात, विशेषतः कमी उंचीवर आणि शेतांच्या कडेला. फोटो काढायला सायकल डांबराखाली उतरवली की दोन्ही चाकांत चार-चार काटे बसतात. सायकल उचलून ठेवा, ढकलत नेऊ नका. ट्यूबलेसमध्ये काटा लगेच ओढून काढू नका. चाक फिरवून सीलंट त्या जागी आणा आणि मगच काढा. सोबत दोन ट्यूब, सीलंटची छोटी बाटली, चेनचा जोडदुवा, ब्रेक पॅडची एक जोडी आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, न्या. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि तेरुएल शहर सोडल्यावर तो मिळण्याची आशा सोडून द्या. कुरणांच्या भागात रस्त्यावर आडव्या लोखंडी नळ्यांची जाळी असते, गुरं ओलांडू नयेत म्हणून. ती काटकोनात, ब्रेक न लावता पार करा. ओली असेल तर उतरून.

कुत्र्यांविषयी. गावातली भुंकणारी कुत्री निरुपद्रवी असतात. धोका कळपाबरोबरच्या मास्तीन जातीच्या राखणदार कुत्र्यांचा, आणि तोही तुम्ही कळपात घुसलात तरच. लांडग्यापासून मेंढरं राखणं हे त्यांचं काम. वेगाने येणारी वस्तू त्यांना लांडगाच वाटते. कळप दिसताच वेग कमी करा, उतरा, सायकल कुत्रा आणि स्वतः यांच्यामध्ये ठेवा, मोठ्याने पण शांत आवाजात बोलत चाला, कळपाला वळसा घाला. पळ काढलात किंवा दगड उचललात तर प्रकरण वाढतं. मेंढपाळ जवळपास असेल तर त्याला ‘बुएनोस दियास’ म्हणा, तोच कुत्र्याला हाक मारेल. ऑक्टोबरच्या मध्यापासून शिकारीचा हंगाम सुरू होतो. शनिवारी-रविवारी रस्त्याकडेला ‘बातिदा’ची पाटी आणि नारिंगी जाकिटातली माणसं दिसली तर समजा हाकारा चालू आहे. डांबरावरून जायला हरकत नसते, पण उठावदार रंगाचे कपडे घाला आणि झाडीत आडोशाला जाणं पुढे ढकला.

कायद्याचं थोडक्यात. वाहतूक उजवीकडून. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं, इयरफोन लावणं दंडनीय, घंटी हवीच. रात्री आणि बोगद्यांत पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि परावर्तक कपडा लागतो. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे, आंधळ्या वळणांवर एकामागे एक. ओलांडणाऱ्या गाडीने किमान दीड मीटर अंतर सोडायचं असतं आणि एका दिशेला दोन पदर असतील तर पूर्ण पदर बदलायचा असतो. हा नियम २०२२ पासून आणखी कडक झाला. सायकल ओलांडण्यासाठी गाडीला सलग पांढरी रेघ ओलांडायचीही मुभा आहे, त्यामुळे चालक मागे थांबून जागेची वाट पाहतात. त्यांना घाबरून मातीत उतरू नका, सरळ रेषेत चालवत राहा. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. कुठलीही अडचण आली तर ११२ ला फोन करा.

पोचायचं कसं? तेरुएलला सारागोसा आणि बालेन्सियाहून साध्या गाड्या येतात. दिवसाच्या फेऱ्या मोजक्या आणि डब्यातले सायकलचे हूकही मोजकेच. सायकलची जागा तिकिटाबरोबरच घ्या. द्रुतगती रेल्वेत उभी सायकल चालत नाही. पेडल काढून, हँडल वळवून ती पिशवीत बांधावी लागते. बालेन्सियाच्या बाजूने आलात किंवा परतताना समुद्राकडे उतरायचं असेल तर ओखोस नेग्रोसच्या खाणीची जुनी रेल्वेवाट आहे. तिथलं लोहखनिज सागुंतोला नेणारा हा मार्ग आता सुमारे १६० किमीचा ‘हिरवा मार्ग’, म्हणजे जुन्या रेल्वेवाटेवर केलेली चालण्या-सायकलीची वाट, झाला आहे, स्पेनमधला सर्वांत लांब. चढ रेल्वेचा, म्हणून सौम्य, गाड्या शून्य. पण बराच भाग दाबलेल्या मुरुमाचा आहे. ३२ मिमीवर जमतो, २५ वर हाल. तेरुएलजवळच्या एस्कांदोन खिंडीनंतर समुद्राकडे जवळजवळ सतत उतार आहे, त्यामुळे दिशा डोंगराकडून समुद्राकडेच ठेवा. बोगद्यांसाठी दिवा लागतो. काही ठिकाणी प्रकाशाची सोय असते, तिच्यावर विसंबू नका.

बाकीच्या प्रदेशांची एकेक ओळ. एक्स्त्रेमादुरा मार्च-एप्रिलमध्ये : ओकची कुरणं, मोन्फ्राग्वेची गिधाडं, ग्वादालुपेभोवतीचे डोंगर, जून ते सप्टेंबर चाळीस अंश, तेव्हा नको. पालेन्सिया-बायादोलीदचा सपाट गव्हाचा मुलूख रस्त्यांनी ओस आहे, पण वारा निर्दय. तिथला २०७ किमीचा कास्तिय्याचा कालवा आणि त्याकडेची वाट वाऱ्याच्या दिवशी बरी. आंदालुसियात ओल्वेरा ते पुएर्तो सेरानो हा ३६ किमीचा हिरवा मार्ग तीस बोगद्यांचा आहे. मुलांना घेऊन जायला उत्तम, मात्र शनिवार-रविवारी गर्दी.

आठ दिवस असतील तर तेरुएल ते अल्बारासिन एक दिवस, नैर्ऋत्येच्या फेरीला एक, ओरिवेलामार्गे चेकाला एक, चेका ते मोलिना अर्धा दिवस आणि उरलेला अर्धा आराम. पाचव्या दिवशी ओरिवेलाला परत आणि सहाव्या दिवशी तेरुएल, मग दोन दिवस कांताविएखाकडे. रोज ६० ते ८५ किमी आणि हजार-बाराशे मीटर चढ याच्या पुढे जाऊ नका. चेका आणि ओरेआतल्या खोल्या ऑनलाइन दिसत नसल्या तरी फोनवर मिळतात. फोन दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान करा, आणि सायकल आत ठेवायची सोय आहे का तेही त्याच वेळी विचारून घ्या.